अंगाला तेल, खांद्याला भार

वर्षातून एकदा, नरक चतुर्दशीच्या पहाटे, मराठी घरात अजूनही रीतसर अंगाला तेल लागतं. कल्याण-डोंबिवलीत तेही घाईघाईत, कारण आंघोळी आटोपून, नवे कपडे घालून तरुण मंडळींना उजाडता उजाडता डोंबिवलीच्या फडके रोडवर हजर व्हायचं असतं. वाटीभर कोमट तेल, पाठीवरून दोनचार वेळा फिरणारा घरातल्या कुणाचा तरी हात, मग उटणं, मग कढत पाणी. झालं अभ्यंगस्नान. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात दिनचर्येचा एक अध्याय आहे. त्यात हाच क्रम आहे, फक्त तो सणाचा नाही, रोजचा आहे. आधी तेल. मग व्यायाम, तोही अर्ध्या शक्तीनं. व्यायाम झाल्यावर बरं वाटेल इतपत सगळ्या अंगाचं मर्दन. मग उटणं, मग स्नान. दिवाळीला आपण तेल, उटणं आणि स्नान पाळतो; मधला व्यायाम आणि त्यानंतरचं मर्दन मात्र कधीच गाळून टाकलं.

हा लेख त्या गाळलेल्या दोन गोष्टींचा आहे. एक मालिश आणि दुसरी भाराचा व्यायाम, म्हणजे जिममध्ये ज्याला रेझिस्टन्स ट्रेनिंग म्हणतात आणि तालमीत नुसतं मेहनत. स्नायू लवचिक व्हावा, त्यात ताकद यावी, यात या दोघींचा वाटा किती हे आता बऱ्यापैकी कळलेलं आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं, की मालिशीला आपण जरा जास्तच श्रेय देऊन ठेवलं आहे आणि भाराच्या व्यायामाला फारच कमी. तालमीनं मात्र दोघींना एका छपराखाली नांदवलं होतं, आणि ते शहाणपणाचं होतं.

आधी शरीर कुठलं, ते पाहू. कल्याणला रेल्वे 1854 साली आली. मुंबईपासून सुमारे 54 किलोमीटरवरचं हे बंदराचं गाव पुढे मुंबईच्या घड्याळाला जुंपलं गेलं ते कायमचं. जलद लोकलला तासाच्या वर वेळ जातो, त्याआधी रिक्षाची रांग, पूल, जिने. गाडीत एक हात वरच्या कडीला, दुसऱ्यात मोबाइल, सॅक पोटावर, आणि अंगाचं सगळं वजन एका पायावर, कारण दुसऱ्या पायाखाली कुणाचा तरी डबा असतो. उतरल्यावर आठ-नऊ तास खुर्ची. संध्याकाळी तेच उलट. या दिनक्रमातून जे शरीर तयार होतं ते डॉक्टरांना चेहरा न बघता ओळखता येईल: मान पुढे, खांदे कानांकडे चढलेले, मांडीमागचे स्नायू आखडलेले, कुल्ल्यांचे स्नायू कामावरून काढून टाकल्यासारखे. ‘पाठ धरलीय’, ‘अंग आंबलंय’, ‘पोटरीत गोळा आला’, ‘शिरेवर शीर चढली’ ही सगळी वाक्यं साडेसातच्या गाडीत एका डब्यात ऐकायला मिळतात.

त्यात घरं बदलली. वाडे आणि चाळी गेल्या, टॉवर आले. पाटावर बसून जेवणं गेलं, उकिडवं बसून भाजी चिरणं गेलं, आणि ज्या देशी संडासाला आपण नावं ठेवत होतो तोही गेला. हे तिन्ही प्रकार घोटा, गुडघा आणि खुबा यांना दिवसातून अनेकदा पूर्ण वाकवून पुन्हा सरळ करायचे, तेही अंगाच्या पूर्ण वजनासकट. नकळत होणारा व्यायाम होता तो. आता लग्नाच्या हॉलमध्ये खाली पंगत मांडली तर निम्मे पाहुणे टेबल शोधतात. यात फक्त वयाचा दोष नाही. जी हालचाल वापरात राहत नाही ती शरीर काढून घेतं.

अशा अंगाला पहिलं आठवतं ते तेल. साहजिकच आहे. चरकानं सूत्रस्थानात अभ्यंगाचं समर्थन करताना घागर, चामडं आणि गाडीचा आस असे दाखले दिले आहेत: तेल मुरलं की या वस्तू कणखर होतात आणि झीज सोसतात, तसंच शरीराचं. दाखला सुरेख आहे आणि दोन हजार वर्षं टिकलाही आहे. पण जिवंत स्नायू म्हणजे चामडं नव्हे. तेल कातडीला मऊ करतं आणि हात सरकता ठेवतं. कितीही ‘जिरवलं’ तरी ते स्नायूपर्यंत पोचून त्याला बळ देत नाही. काम करतो तो हात. तीळ, मोहरी की खोबरेल हा वाद मग ऋतूचा, वासाचा आणि खिशाचा उरतो.

व्यायामाबद्दल मात्र या जुन्या ग्रंथांची नजर थक्क करते. अर्धी शक्ती म्हणजे किती, हे सुश्रुतानं मोजून दाखवलं आहे: व्यायाम करताना श्वास तोंडावाटे येऊ लागला की समजावं, अर्धं बळ खर्ची पडलं. आज ट्रेनर मंडळी ‘बोलता येतंय का बघा’ म्हणून जी चाचणी सांगतात ती याहून फार वेगळी नाही. बाराव्या शतकात चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानं मानसोल्लास रचला. त्याची राजधानी कल्याणी, म्हणजे आपलं नव्हे, बिदरकडचं बसवकल्याण. त्या ग्रंथात मल्लांच्या करमणुकीचं एक प्रकरण आहे आणि त्यात मल्लांनी करायचे श्रम नावानिशी सांगितले आहेत: भार उचलणं, चालणं, पोहणं, बाहूंची रेटारेटी आणि खांबावरची मेहनत. आजच्या जिमचा तक्ता याहून लांब असेल, पण त्यात नवीन असं फारसं नसतं.

खांबावरची मेहनत म्हणजे मल्लखांब. तो मधल्या काळात विसरल्यासारखा झाला होता आणि दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी तो पुन्हा उभा केला, ही हकीकत मराठी वाचकाला नवी नाही. मला त्यातली एक गंमत नेहमी जाणवते. कुस्तीत तेल माणसाला लावतात, मल्लखांबात ते खांबाला लावतात, एरंडेल. खांबावर चढणारं पोर ताणतं आणि उचलतं एकाच वेळी. मांडीच्या पकडीत सगळं अंग तोलून कमान टाकायची म्हणजे लवचिकता आणि ताकद वेगळी काढताच येत नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

तालीम या संस्थेचं एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकातलं जाळं मोठं होतं. बडोद्यात जुम्मादादा आणि त्यांचे शिष्य प्रो. माणिकराव, अमरावतीत 1914 पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ, ज्याच्या पथकानं 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामांची प्रात्यक्षिकं दाखवली, दादरला 1925 साली समर्थ व्यायाम मंदिर, आणि त्याच वर्षी ठाण्यात चरईतलं श्री मावळी मंडळ. औंधच्या पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्कार राजवाड्यातून शाळांच्या पटांगणात आणला. द. चिं. मुजुमदारांचा दहा खंडांचा व्यायाम ज्ञानकोश बडोद्याहून याच वातावरणात निघाला. कल्याण, भिवंडी, मुरबाडकडच्या आगरी-कुणबी गावांत तर जत्रेला कुस्तीचा फड लागल्याशिवाय जत्रा पुरी होत नाही. संस्थांची यादी इथेच थांबवतो, कारण खरी गोष्ट यादीत नाही, तालमीच्या हौद्यात आहे.

तिथे पहाटे सुरुवात फावड्यानं होते. लाल माती उकरायची. तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू असं बरंच काही मुरलेलं असतं, आणि ती ओलसर, जड असते. कंबर, खांदे, मनगटं आणि मांड्या यांना एकदम भिडणारा याहून चांगला व्यायाम शोधावाच लागणार नाही. मग जोर, मग बैठका. नंतर लढत. आणि संध्याकाळच्या मेहनतीनंतर रगडणं. एक पठ्ठा पालथा पडतो, दुसरा तळव्यांना तेल लावून घोट्यापासून वर सरकतो. पोटरी दोन्ही हातांत धरून पिळतो, मांडीच्या मागच्या पट्ट्यावर कोपर टेकवून अंगाचा भार हळूहळू सोडतो. मोठा गडी असेल तर हातांचा जोर पुरत नाही. चोळणारा सरळ त्याच्या मांड्यांवर उभा राहतो आणि टाचेनं दाब देत पुढे मागे सरकतो. खालचा कण्हतो, वरचा घामाघूम होतो. अर्ध्या तासानं जागा बदलतात. तालमीत कुणी मालिशवाला पगारावर ठेवत नाही. रगडणं हीसुद्धा मेहनत धरतात, कारण त्यानं पकड आणि मनगट तयार होतं. आज एक जण पैसे देऊन आडवा पडतो आणि दुसरा पैसे घेऊन घाम गाळतो. खरा फायदा दुसऱ्याचाच होत असावा.

मालिशीबद्दल आता संशोधन काय म्हणतं ते पाहू. इंग्लंडमधल्या शेफील्डच्या अभ्यासकांनी 2020 मध्ये खेळाडूंच्या मालिशीवरचे 29 अभ्यास एकत्र तपासले, त्यांत एकूण 1,012 जण होते. निष्कर्ष असा, की मालिशीनं ताकद वाढत नाही, उडी वाढत नाही, धाव वाढत नाही, दमही वाढत नाही. वाढते ती थोडी लवचिकता, आणि कमी होतो तो मेहनतीनंतरचा अंगदुखीचा त्रास. दोन्ही परिणाम लहान, पण खरे. पोटरीवर तो घरघर करणारा मसाज गन पाच मिनिटं चालवला तेव्हा घोट्याचा वाक साधारण पाच अंशांनी वाढला आणि ताकदीत काहीच फरक पडला नाही, असा 16 जणांवरचा प्रयोगही त्याच वर्षीचा. पाच अंश म्हणजे उकिडवं बसताना टाच टेकणं आणि न टेकणं यातला फरक असू शकतो. पण तो टिकत नाही. थोड्या वेळात घोटा पुन्हा मूळ पदावर.

असं का होतं? मालिशीनं स्नायू काही लांब होत नाही. मांडीमागचा स्नायू ताणताना एका ठिकाणी ‘बस्स’ अशी जाणीव होते. ती जागा बहुतेक वेळा स्नायूची लांबी संपल्याची नसते, मज्जासंस्थेनं ओढलेल्या लक्ष्मणरेषेची असते. उबदार हात, सावकाश दाब, शांत पडून राहणं यानं मज्जासंस्था तेवढ्यापुरती रेषा पुढे सरकवते. म्हणून मालिशीनंतर अंग हलकं वाटतं, आणि ते वाटणं खोटं नाही. ‘गाठी फोडल्या’, ‘ॲसिड बाहेर काढलं’ ही स्पष्टीकरणं मात्र खोटी आहेत. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात 2012 साली 11 तरुणांना सायकल मारून दमवलं, एका पायाला दहा मिनिटं मालिश केली, दुसऱ्याला नाही, आणि दोन्ही मांड्यांतला बारीकसा नमुना काढून पाहिला. लॅक्टिक ॲसिडमध्ये फरक नव्हता. दाह वाढवणारे संकेत मात्र मालिश केलेल्या पायात कमी होते. म्हणजे तालमीतला अनुभव बरोबर, कारण तेवढं चुकलेलं. अनुभवी माणसांच्या बाबतीत असं बऱ्याचदा होतं.

आता भाराकडे. स्नायूला ताकद यायला एकच भाषा कळते: आत्ता झेपतं त्याहून थोडं जास्त, आणि मग विश्रांती. पहिल्या काही आठवड्यांत स्नायू फारसा फुगत नाही. मेंदू आणि नसा असलेल्या तंतूंना जास्त संख्येनं कामाला लावायला शिकतात. नंतर तंतू जाड होतात. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस शिकागोच्या लष्करी रुग्णालयात थॉमस डीलॉर्म या तरुण डॉक्टरनं गुडघे आणि मांड्या जायबंदी झालेल्या सैनिकांना चढत्या वजनाचा व्यायाम दिला आणि 1945 मध्ये त्याची पद्धत छापली. तोवर डॉक्टर हलक्या वजनानं खूप वेळा हालचाल करायला सांगत. डीलॉर्मनं उलटं केलं: वजन जड, वेळा कमी, आणि दर काही दिवसांनी वजन वाढवायचं. आजच्या फिजिओथेरपीतला मोठा भाग त्या एका कल्पनेवर उभा आहे. आपल्याकडे फिजिओथेरपीचं पहिलं विद्यालय 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला परळच्या केईएममध्ये निघालं, तेव्हा पोलिओ झालेली मुलं डोळ्यांपुढे होती.

तालमीला ही चढण ठाऊक नव्हती असं नाही. मुद्गल आणि करेल यांच्या जोड्या हलक्यापासून जडपर्यंत असत. दगडी नाल होती, गळ्यात अडकवून बैठका मारायची दगडी कडी होती. लेझीम, जी आज शाळेच्या संमेलनात छुमछुम वाजते, ती मुळात लोखंडी साखळीचं जड धनुष्य होती आणि ती ओढणं हा खांद्यांचा दमदार व्यायाम होता. तालीम चुकली ती आकड्यांच्या नादात. अमुक पैलवान रोज हजार जोर आणि दोन हजार बैठका मारत असे, अशा कथा सांगण्यात तिला धन्यता वाटे. ठरावीक मर्यादेनंतर त्याच भाराच्या नुसत्या वेळा वाढवल्या तर दम वाढतो, ताकद फारशी नाही. हे पैलवानाला चालतं, त्याला दम हवाच असतो. कल्याणच्या साठीतल्या गृहस्थाला त्याची गरज नाही. त्याला सोफ्यावरून हात न टेकता उठायचं आहे.

उठण्यावरून आठवलं. बोस्टनच्या एका वृद्धाश्रमात 1990 साली सरासरी नव्वदीच्या दहा जणांनी मांड्यांना वजन लावून आठ आठवड्यांची मेहनत सुरू केली. ती पुरी करणाऱ्या नऊ जणांच्या पायांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली, म्हणजे जवळजवळ पावणेतीनपट झाली. दहाच माणसं, पण या प्रयोगानं म्हातारपणाविषयीचा एक मोठा गैरसमज मोडला. तिशीनंतर दर दशकात साधारण 3 ते 8 टक्के स्नायू झिजतो आणि साठीनंतर झीज वेग घेते. ती थांबवण्याचा चालणं हा पुरेसा उपाय नाही. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण कल्याणच्या काळा तलावाभोवती आणि ठाण्याच्या तलावपाळीवर रोज पहाटे निष्ठेनं फेऱ्या मारणारी शेकडो ज्येष्ठ मंडळी आहेत आणि त्यातल्या बहुतेकांना वाटतं की व्यायाम झाला. हृदयाचा झाला. मांड्यांचा अर्धाही झाला नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं 2020 मध्ये जी शिफारस केली तीत चालण्या-धावण्याच्या मिनिटांबरोबर आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम प्रत्येक प्रौढाला सांगितला आहे, आणि 65 वर्षांपुढच्यांना तोल आणि ताकद यांवर भर देणारा व्यायाम तीन दिवस. हे कलम आपल्याकडे कुणी वाचतच नाही.

आता मल्लखांबाच्या वेळी राखून ठेवलेला मुद्दा. वजनं उचलली की अंग ताठरतं, ही समजूत घरोघर आहे. मुलगा जिमला लागला की आजी म्हणते, लाकडासारखा होशील. 2021 मध्ये 11 अभ्यासांची तुलना प्रसिद्ध झाली: एका गटाला ताण देण्याचे व्यायाम, दुसऱ्याला ताकदीचे. सांध्याची हालचाल दोन्हीकडे सारखीच वाढली. अट एकच, भार पूर्ण हालचालीतून न्यायचा. अर्धवट वाकून चार प्लेटा उचलणारा ताठरतो. खालपर्यंत जाणारा मोकळा होतो. विशेषतः वजन खाली सोडताना, म्हणजे स्नायू लांब होत असताना भार सोसतो तेव्हा, तो लांब अवस्थेत काम करायला शिकतो. मज्जासंस्थेला पुढे सरकवलेल्या रेषेपर्यंत ताकद असल्याचा पुरावा मिळतो आणि रेषा पुढेच राहते. मालिश जे थोड्या वेळापुरतं देते, ते भाराचा व्यायाम नावावर करून देतो.

हे मनात ठेवून जोर पाहिला की तो किती हुशारीनं रचलाय ते कळतं. कंबर वर, टाचा मागे रेटलेल्या: इथे पोटऱ्या आणि मांडीमागचे स्नायू ताणले जातात. मग छाती जमिनीलगत आणत अंग पुढे सरकवायचं: इथे खांदे, छाती आणि दंडांवर अंगाच्या वजनाचा साधारण दोनतृतीयांश भार. मग छाती वर, पाठीची कमान: पोट आणि खुब्याची पुढची बाजू मोकळी. ताण, भार, ताण. सूर्यनमस्काराचीही मांडणी अशीच. बैठकीत टाचा उचलून पूर्ण खाली जाणं आणि हातांच्या झोक्यानं उठणं आलं; तिला घोटा आणि गुडघा दोन्ही पुरते वाकलेले लागतात. ज्यांचे गुडघे आधीच कुरकुरतात त्यांनी ही बैठक जशीच्या तशी करू नये. टाचा टेकवून, मागे खुर्ची ठेवून, तिच्यावर अलगद बसून उठणं हा तिचाच घरगुती अवतार आहे. बसताना चार अंक मोजत सावकाश खाली जायचं. धपकन बसलात तर निम्मा फायदा गेला.

कुणी म्हणेल, आमच्याकडे कष्टकरी माणसाला हे सांगायची गरज काय, तो दिवसभर भारच वाहतो. कल्याणच्या बाजार समितीत पोती उचलणारा माथाडी पाहा. पन्नास किलोचं पोतं, नेहमी त्याच खांद्यावर, पाठ त्याच बाजूला कललेली, विश्रांती मुकादमाच्या मर्जीवर. भार आहे, पण तो त्याच्या तब्येतीनुसार चढत नाही, दोन्ही अंगांना सारखा मिळत नाही आणि थकवा भरून काढायला वेळ देत नाही. म्हणून चाळिशीत त्याची ताकद शाबूत आणि मणका गेलेला असतो. कष्ट आणि मेहनत यांत हाच फरक आहे. त्याला सगळ्यात जास्त उपयोग होईल तो पाठीच्या दुसऱ्या बाजूच्या आणि पोटाच्या स्नायूंच्या व्यायामाचा, आणि हो, रात्रीच्या मालिशीचासुद्धा.

तालमीचा दुसरा दोष म्हणजे तिचं दार. हनुमानाच्या तसबिरीखाली बायकांना प्रवेश नव्हता. त्यांच्या वाट्याला मालिश यायची ती बाळंतपणातच, शेक-शेगडीसकट, आणि मग आयुष्यभर नाही. कल्याणला 1865 साली जन्मलेल्या आनंदीबाई जोशींनी फिलाडेल्फियात पदवीसाठी जो प्रबंध लिहिला तो हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावरच होता. त्यांच्या गावच्या बायकांना स्वतःच्या ताकदीसाठी म्हणून व्यायाम करायला पुढे शंभरावर वर्षं लागली. 2023 च्या मार्चमध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली. किताब सांगलीच्या प्रतीक्षा बागडीनं जिंकला, आणि अंतिम फेरीत तिच्यासमोर उभी होती कल्याणची वैष्णवी पाटील. पुढे 2025 मध्ये वैष्णवी 65 किलो गटात भारताकडून जागतिक स्पर्धेत खेळली. कल्याणच्या पोरीनं मांडी थोपटली, ही बातमी इथल्या वर्तमानपत्रांत आली तेवढी सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरली नाही, याचं मला वाईट वाटतं. कारण भाराच्या व्यायामाची सगळ्यात जास्त गरज बायकांना आहे. पाळी थांबल्यावर हाडं झपाट्यानं विरळ होतात, आणि हाडालाही स्नायूसारखीच भाराची भाषा कळते. ‘वजनं उचलली तर पुरुषी दिसेन’ ही भीती ज्यांना वाटते त्यांनी जिममधल्या कोणत्याही तरुणाला विचारावं, दंड फुगवायला त्याला किती वर्षं लागली.

बाजाराबद्दल दोन शब्द. मालिशवाला ही मुंबईची जुनी ओळख; प्यासा चित्रपटात जॉनी वॉकरनं तिला 1957 मध्ये अजरामर केलं. आता त्याच्या जागी स्टेशनपासून खाडीपर्यंत स्पाच्या पाट्या आहेत. तिथे जायला माझी हरकत नाही, आराम ही काही कमी प्रतीची गोष्ट नव्हे. हरकत आहे ती ‘दहा सिटिंगमध्ये मणका मोकळा’ अशा जाहिरातीला. हाडवैद्यांतही खरोखर हात असलेली माणसं होती आणि आहेत, पण एक्स-रे न काढता मान कडकन फिरवणाऱ्याच्या हाती मान देऊ नये. फिजिओथेरपीसह आरोग्यसेवेतल्या अनेक व्यवसायांसाठी 2021 मध्ये केंद्राचा स्वतंत्र कायदा झाला आहे. समोरचा शिकलेला आहे का, हे विचारायला लाजू नका. आणि काही वेळा मालिश टाळायचीच: ताप असताना, ताज्या मुरगळ्यावर, हाड मोडल्याचा संशय असताना. एकच पोटरी सुजली, गरम लागली आणि दुखते आहे, तर ती चोळायला बसू नका, डॉक्टर गाठा. आत रक्ताची गुठळी असेल तर चोळण्यानं ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. लांबच्या प्रवासानंतर किंवा ऑपरेशननंतर हे विशेष लक्षात ठेवा.

महापालिकेला आणि गृहसंकुलांच्या समित्यांना एक विनंती. गेल्या काही वर्षांत उद्यानांतून ओपन जिमची यंत्रं बसली. त्यांवर पोरं झोके घेतात आणि आज्या गप्पा मारतात, तेही ठीकच. पण त्यातल्या बहुतेकांवर भार वाढवण्याची सोयच नाही. त्याऐवजी एक लोंबकळायचा दांडा, वेगवेगळ्या उंचीची दोनतीन बाकं, जोराचे लाकडी हत्ते, आणि हलक्यापासून जडपर्यंत चार मुद्गल एवढं ठेवा. खर्च यंत्रांहून कमी येईल आणि मुद्गल चोरून नेणाऱ्याचा निदान तेवढा तरी व्यायाम होईल.

वाग्भटानं व्यायामाला थंडी आणि वसंत हे ऋतू सांगितले आहेत, आणि हा अंक हाती पडेल तेव्हा थंडी तोंडावर असेल. सुरुवात करायची तर आठवड्यातून दोन दिवस पुरेत. खुर्चीवर बसून उठणं, भिंतीला हात टेकून जोर, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या खांद्यावर नेणं. झेपू लागलं की खुर्ची बुटकी करा, भिंतीऐवजी ओटा घ्या, ओट्याऐवजी जमीन. गुडघेदुखी, रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या दुखतील. तेव्हा तेल काढा आणि घरातल्या माणसाकडून चोळून घ्या, नंतर त्याचेही पाय चोळा. फक्त पहिल्याच दिवशी जुन्या पैलवानांची बरोबरी करू नका. सवय नसताना शेकडो बैठका मारणाऱ्यांचे स्नायू विरघळून मूत्रपिंडं धोक्यात येतात, आणि लघवी चहाच्या रंगाची झाली तर ती थेट रुग्णालयात जायची वेळ असते. पहिल्या आठवड्यात दहा बैठका पुष्कळ झाल्या.